पीसी गेमिंगचे दिवस भरले? कोण म्हणतं?

'पीसी गेमिंग आता काही वर्षांचाच सोबती' असं सांगणारा मजकूर सध्या पुन्हा हातोहात फिरतोय. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: पोरं आता मोबाइलवरच खेळतात, टाइमपास गेमनी खऱ्या गेमिंगची वाट लावली, मोठे गेम बनतात ते कन्सोलसाठी (म्हणजे टीव्हीला जोडून खेळायच्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रांसाठी) आणि पीसीला उरलंसुरलं मिळतं, शिवाय पीसीचा खर्च परवडतो कुणाला? नवीन मशीन घ्यायला निघालेली मुलं असलं वाचून बेत रद्द करतात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

मोबाइलवर खेळणारे जास्त आहेत, हे मान्य. पण ते पीसीवरून उठून तिकडे गेले, हे कुठून काढलं? आपल्याकडे २०१८ नंतर पबजी मोबाइलने ज्यांना वेड लावलं, त्यातल्या बहुतेकांच्या घरी गेमिंग पीसी कधी नव्हताच. ते नव्याने खेळायला लागले. पीसीवरचा आकडा हवा असेल तर स्टीम हे पीसी गेमचं ऑनलाइन दुकान बघा. मार्च २०२० मध्ये तिथे एकाच वेळी २ कोटी लोक ऑनलाइन दिसले, तेव्हा 'लॉकडाउन आहे म्हणून' असं म्हणता आलं असतं. लॉकडाउन उठला, सगळे कामाला लागले, आणि २०२५ मध्ये तोच आकडा ४ कोटींच्या पुढे गेला. आणि पबजी तरी आला कुठून? ब्रेंडन ग्रीनने 'आर्मा २' या पीसी गेमच्या मॉडवर, म्हणजे चाहत्यांनी बदल करून बनवलेल्या आवृत्तीवर, हा खेळ घडवत नेला. २०१७ मध्ये पबजी पीसीवर आला, मोबाइलवर त्यानंतर.

टाइमपास गेमबद्दलची तक्रार तर मला कळतच नाही. विंडोजमध्ये सॉलिटेअर १९९० पासून आहे, ऑफिसातल्या किती जणांनी माउस धरायला त्यावरच शिकून घेतलं! आजचं उदाहरण घ्यायचं तर 'बालाट्रो'. पत्त्यांचा खेळ, एकट्या माणसाने बनवलेला, २०२४ चा. जोडी किंवा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते, जसे सगळे बदाम) लावायचा, निळ्या चौकटीतल्या चिप्सना, म्हणजे गुणांना, लाल चौकटीतल्या आकड्याने गुणायचं आणि मध्ये जोकर घुसवून तो गुणाकार फुगवत न्यायचा. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या लॅपटॉपवरही मजेत चालतो. आधी पीसी आणि कन्सोलवर आला, मोबाइलवर काही महिन्यांनी. हलकेफुलके गेम पीसीचे शत्रू असते तर असं झालं नसतं.

आता कन्सोल. इथे जुन्या जखमा आहेत आणि त्या खऱ्या आहेत. 'बॅटमॅन: आर्खम नाइट'ची पीसी आवृत्ती २०१५ मध्ये इतकी अडखळत होती की कंपनीला विक्री थांबवावी लागली. पण मजकूर लिहिणाऱ्याने २०१३ साली काय बदललं ते बघितलेलंच नाही. प्लेस्टेशन ३ मधला सेल प्रोसेसर पीसीपेक्षा अगदी वेगळा होता, त्यावरचा गेम पीसीवर आणणं जिकिरीचं काम. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आले ते एएमडी या कंपनीच्या एक्स८६ चिपवर, म्हणजे पीसीच्याच जातकुळीच्या. कन्सोल पीसीच्या जवळ सरकला. मग प्लेस्टेशनवाल्या सोनीने स्वतःचे ठेवणीतले गेमही पीसीसाठी बाहेर काढले: 'होरायझन झिरो डॉन' २०२० मध्ये, 'गॉड ऑफ वॉर' २०२२ मध्ये. २०२४ चा 'हेलडायव्हर्स २' तर प्लेस्टेशन ५ आणि पीसीवर एकाच दिवशी आला. आपल्या पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला आणि ऑक्टोबरमध्ये पीसीवर हजर.

'जीटीए' बनवणारी रॉकस्टार कंपनी मात्र पीसीवाल्यांना ताटकळत ठेवते. 'जीटीए ५' कन्सोलवर २०१३ ला, पीसीवर २०१५ ला. 'जीटीए ६'ची घोषणाही फक्त कन्सोलसाठी झाली. याचा राग मलाही येतो. पण उशिरा मिळणं आणि न मिळणं यात फरक आहे.

राहिला खर्च. भारतात प्लेस्टेशन ५ ४९,९९० रुपयांना आला, पुढे ५४,९९० झाला. त्या पैशात तेवढ्याच ताकदीचा नवा पीसी जोडता येत नाही, हे सरळ कबूल करायला हवं. पण कन्सोलवर बहुतेक विकतचे गेम ऑनलाइन खेळायचे तर वेगळी वर्गणी लागते, पीसीवर ती नाही. त्याच पीसीवर कॉलेजचे प्रोजेक्ट होतात, व्हिडिओ एडिट होतात, आणि तीन वर्षांनी फक्त ग्राफिक्स कार्ड बदलून काम भागतं.

पीसीवाल्यांचा खिसा आज खरोखर कापतोय तो एआय. ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाची बहुतांश कमाई आता एआय चालवणाऱ्या डेटा सेंटरमधून येते. डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी चिप (रॅम) बनवणाऱ्या मायक्रॉनने क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायची घोषणा केली, कारण मेमरी एआयवाल्यांना हवी आहे. रॅमचे भाव त्याआधीच भडकले होते. मजकुरात याबद्दल अवाक्षर नाही. तेव्हा मशीन जोडणाऱ्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात जाऊन पहिली चौकशी रॅमच्या भावाची करावी. आणि कन्सोल घेऊन यातून सुटू असं ज्यांना वाटतं, त्यांनी लक्षात ठेवावं की मेमरी कन्सोललाही लागते आणि मोबाइललाही.