फोनवर बोलायचंय? मग आधी टेरेसवाला फ्लॅट बघा

परवा सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो आणि खिशात टणाटण मेसेज पडायला लागले. रात्रभर कुठंतरी अडकून बसलेले. बँकेचा एक शिळा ओटीपी, बहिणीचा "फोन का उचलत नाहीस", आणि आपल्या प्राणप्रिय मोबाईल कंपनीचा, "प्रिय ग्राहक, नेटवर्कबाबतची आपली तक्रार सोडवण्यात आली आहे." तक्रार सुटली हे कळायला गच्चीवर यावं लागलं, कारण खाली घरात तो मेसेज पोचतच नाही! तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडला की चूक कंपनीची नाहीच मुळी. चूक आपली आहे. आपल्याला मोबाईल वापरायची शिस्त नाही. म्हणून नाशिकच्या पाथर्डी फाट्यावरच्या अनुभवी माणसाकडून हे काही सल्ले, फुकट, ठेवून घ्या.

सुरुवात घर घेण्यापासून करा. ईशान्येला देवघर, आग्नेयेला किचन हे सगळं बघता ना, मग सॅम्पल फ्लॅटमध्ये फोन हातात धरून एक प्रदक्षिणाही घाला आणि जिथं रेंज येईल तिथं हॉल घ्या, भले तिथं बिल्डरने संडास दाखवलेला असो. कारण सायन्स असं आहे की लहरींची फ्रिक्वेन्सी जेवढी जास्त तेवढं त्यांना भिंतीतून आत शिरणं अवघड, ७०० मेगाहर्ट्झवाली लहर बिचारी कशीबशी येते आत, पण ३,५०० च्या आसपासची जी फाईव्हजीची लहर आहे ती आपल्या आरसीसीच्या भिंतीला आणि त्या चकाकणाऱ्या काचांना बघूनच परत फिरते. आता यात कंपनी काय करणार? जवळ अजून एखादा टॉवर? छे, भलतंच. तुम्ही भिंत पाडा.

फोनवरच्या दांड्यांवर श्रद्धा ठेवा, पण विश्वास ठेवू नका. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोनवाला आपापल्या मर्जीने ठरवतो, सगळ्यांना बांधील असा काही नियम नाही. त्यापेक्षा आपला रामकुंडावरचा दुतोंड्या मारुती परवडला, ज्याच्या अंगावर गोदावरीचा पूर कुठवर चढला ते सगळे बघतात. पाणी कमरेला म्हणजे कमरेला, छातीला म्हणजे छातीला, अख्ख्या नाशिकला एकच माप. इथं चार दांड्या दिसतात आणि पलीकडून आवाज येतो, "हॅलो... तू... क्र्र... गाडी... हॅलो?"

जिन्यात बसून बोलायची लाज वाटू देऊ नका, शेजारी पण तिथेच भेटतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा सल्ला. बोलताना महत्त्वाचा शब्द आधी बोला, नाव-गाव नंतर. हे मी माझ्या काकांना शिकवलं नव्हतं. काका आणि आई दिंडोरीला, शेजारी शेजारी. मागच्या आठवड्यात दुपारी काकांचा फोन, मी कंपनीत लंचला, आणि काका म्हणतात, "अरे ऐक, तुझ्या आईला सकाळी..." आणि पुढे शांतता. फोन कट नाही बरं का! स्क्रीनवर सेकंद पळताहेत, मी हॅलो हॅलो करतोय, सगळं कॅन्टीन माझ्याकडे बघतंय, आणि पलीकडे काही म्हणजे काही नाही. शेवटी मीच ठेवला आणि उलटा लावला तर ती गोड बाई, "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे." अहो बाई, ती व्यक्ती ओट्यावर बसलीये, चाळीस वर्षं तिथंच बसते! आईचा फोन बंद. काकूचा लागतो पण रिंगच होत नाही. गाडी काढली. अंबड लिंक रोड, पपया नर्सरीच्या चौकातून नव्हे तर मुद्दाम आतल्या रस्त्याने, मग द्वारका चौकातलं ते ट्रॅफिक, दिंडोरी नाका, आणि डोक्यात काय काय येऊन गेलं ते इथं लिहीत नाही. म्हसरूळच्या पुढे एकदाची रिंग वाजली. "अरे मघाशी कट का केला? तुझ्या आईला सकाळी एसटीत बसवून दिलं म्हटलं, भजनी मंडळाबरोबर वणीला गेली गडावर. किल्ली माझ्याकडे आहे, तू येणार होतास ना शनिवारी, म्हणून सांगत होतो."

किल्ली!

आणि ऐका, यातली खरी गंमत अजून पुढेच आहे. हा जो माझा कॉल गेला ना, तो कंपनीच्या वहीत 'ड्रॉप' म्हणून लागणारच नाही. का? कारण कॉल नेटवर्कने तोडला नाही, वैतागून लाल बटण मी दाबलं. म्हणजे संभाषण ग्राहकाने समाधानाने संपवलं. रेडिओ लिंक टाइमआउट नावाची एक भानगड असते, सिग्नल गेल्यावर कॉल किती वेळ तसाच लटकवून ठेवायचा त्याची सेटिंग. ती वाढवून ठेवली की आवाज मेला तरी कॉल जिवंत, तुम्ही हॅलो हॅलो करा आणि कंटाळून स्वतःच ठेवा. कॉल ड्रॉपचे आकडे झाकायला कंपन्या हेच करतात असे आरोप २०१६ च्या सुमाराला जाहीरपणे झाले होते. ट्रायचा, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा, नियम काय, तर ड्रॉप होणारे कॉल २ टक्क्यांच्या आत हवेत. आणि वर्षानुवर्षं ते टक्के मोजले कसे, तर अख्ख्या सर्कलची तीन महिन्यांची सरासरी काढून! आपलं सर्कल म्हणजे मुंबई सोडून सगळा महाराष्ट्र, अधिक गोवा. म्हणजे कोणी कळंगुटच्या बीचवर निवांत बोलला की माझ्या बेडरूमचा हिशोब चुकता. तुम्हीही मन मोठं करा आणि गोव्याच्या माणसाच्या सुखात सुख माना.

नुकसानभरपाईचा विचार मनात आणू नका. २०१५ मध्ये ट्रायने आणला होता बरं, एका तुटलेल्या कॉलला १ रुपया, दिवसाला जास्तीत जास्त ३ कॉल. म्हणजे चौथा कॉल तुटला तर ती तुमची देशसेवा. १ जानेवारी २०१६ पासून हे लागू व्हायचं होतं, कंपन्या कोर्टात गेल्या, आणि मे २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द करून टाकलं. संपला रुपया.

पण निराश होऊ नका, २०२४ च्या नव्या नियमांत सोय आहे! जिल्ह्यात सेवा २४ तासांपेक्षा जास्त बंद राहिली तर पोस्टपेडवाल्यांना भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्यांना व्हॅलिडिटी वाढवून. फक्त बंद पडलं पाहिजे ते जिल्हाभर. त्यामुळे घरात रेंज नसेल तर देवाला मागणं मागा की हे ईश्वरा, सुरगाण्यापासून सिन्नरपर्यंत आणि इगतपुरीपासून मालेगावपर्यंत सगळ्यांचेच फोन बंद पाड, म्हणजे माझा एक दिवस वाढेल.

वायफाय कॉलिंग चालू करा. म्हणजे मोबाईलचं रिचार्ज वेगळं, ब्रॉडबँडचं बिल वेगळं, आणि कॉल न्यायचं काम तुमच्याच पैशाच्या राउटरने करायचं. लाईट गेली की दोन्ही गेलं.

कंपनी बदलून बघा, पोर्टचा मेसेज १९०० ला. मी बदलली. आता रेंज जिन्यात नाही, किचनच्या खिडकीत येते.

वरच्या कोपऱ्यात फाईव्हजी दिसतं ते फोटो काढून ठेवा, आठवण म्हणून.

तक्रार १९८ वर करा. समाधान नाही झालं तर अपील, आणि अपील कुठे, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. कस्टमर केअरचा मुलगा विचारतो, "सर, फोन एकदा बंद करून चालू केलात का?" केला रे बाबा. "सर, तुम्ही आत्ता कुठे उभे आहात?" गच्चीवर. "मग आवाज तर छान येतोय सर!"

धीर धरायचा असेल तर २०२७ चा सिंहस्थ आहेच. भाविकांसाठी चाकांवरचे तात्पुरते टॉवर आले तर तपोवनात तंबू टाका आणि तिथून काकांना फोन लावा.

आणि हो, सोसायटीच्या गच्चीवर टॉवर बसवायचा विषय निघाला की सगळ्यात आधी हात वर करून विरोध करा. रेडिएशन आहे म्हणा. आमच्याकडे असंच झालं, आणि ज्यांनी सगळ्यात मोठ्याने आरडाओरडा केला ते गृहस्थ आता रोज रात्री पार्किंगमध्ये फोन कपाळाला चिकटवून "ऐकू येतंय का" करत फिरतात. अहो, आपल्याकडची टॉवरच्या रेडिएशनची मर्यादा २०१२ पासून आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश आहे! आणि सिग्नल जितका कमजोर तितका तुमच्या कानाला लावलेला फोनच जास्त ताकद लावून ओरडतो, हे कोण सांगणार त्यांना. टॉवर शेजाऱ्याच्या गच्चीवर हवा आणि रेंज माझ्या बेडरूममध्ये, असं कसं चालेल?

पण खरं सांगू का, त्या गृहस्थांवर चिडून काय मिळणार. नको म्हणायचा त्यांना हक्क आहे, टॉवरला दुसरी जागा शोधायचं काम कंपनीचं आहे. कंपनीवाल्यांनो, जुलै २०२४ ला रिचार्ज महाग केलंत तेव्हा आम्ही कुठे उभे आहोत ते नाही विचारलं. एक दिवस उशीर झाला की आउटगोइंग बंद करता, ते मात्र घरात, बेडरूममध्ये, अगदी भिंतीच्या आड सुद्धा बरोबर बंद होतं. जाहिरातीतला पोरगा डोंगरावर उभा राहून व्हिडिओ कॉल करतो आणि इकडे शहरात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर, माणसाला आई बरी आहे का हे विचारता येत नाही. तुमच्या कव्हरेजच्या नकाशात आमचा एरिया गडद रंगवून ठेवलाय, तो रंग कोणी इथं येऊन बघून भरला का? या की एकदा. मीटर घेऊन या, माझ्या घरात बसा, चहा देतो, आणि तिथून तुमच्या साहेबाला फोन लावून दाखवा. नाही लागला तर महिन्याचे पैसे टेबलावर ठेवून जा. आणि न बघता, न विचारता 'तक्रार सोडवली' म्हणून मेसेज टाकायचे धंदे आधी बंद करा, लाज वाटली पाहिजे. पैसे घरातल्या फोनचे घेता ना, मग फोन घरात लागला पाहिजे. जिन्यात नाही, पार्किंगमध्ये नाही, पाण्याच्या टाकीवर चढून तर अजिबात नाही.