गॅसबत्तीचं मेंटल: फिरणाऱ्या मजकुरातलं खरं-खोटं

जुन्या गॅसबत्तीबद्दल एक मजकूर फिरतो. मेंटल, म्हणजे ज्योतीवर बांधायची जाळी, रेशमी असतं, ते जळतं म्हणून उजेड पडतो. पृथ्वीच्या पोटातल्या तापलेल्या मँटलवरून त्याचं नाव पडलं. ते नुसतं घरात टांगलं तरी कॅन्सर होतो. आणि हल्लीची मेंटलं भेसळीची, म्हणून लगेच फुटतात.

नावाचं आधी उरकू. लॅटिनमध्ये ‘मँटेलम’ म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. ज्योतीवरची जाळी, भूकवचाखालचं प्रावरण, शिंपल्यातल्या जिवाभोवतीचा पडदा ही सगळी त्याच झग्याची नावं. भूगर्भाशी बत्तीचा संबंध नाही.

कापड जळतं, पण फक्त पहिल्या पेटवणीत. सुती किंवा कृत्रिम रेशमाची जाळी थोरियम-सिरियम या धातूंच्या नायट्रेट क्षारांच्या द्रावणात भिजवून वाळवलेली असते. धागा जळून जातो, ऑक्साइडचा ठिसूळ सांगाडा उरतो आणि तोच तापून उजळतो. ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाख या रसायनतज्ज्ञानं 1891 मध्ये प्रमाण बसवलं: 99 टक्के थोरियम ऑक्साइड, 1 टक्का सिरियम ऑक्साइड. नुसत्या थोरियमचा उजेड मिणमिणता. सिरियम जास्त झालं तरी उजेड मंदावतोच.

थोरियम किरणोत्सारी आहे, हे मात्र खरं. मेंटलसाठीचं थोरियम नायट्रेट 1955 पासून आपल्या मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) कारखान्यातही बनत होतं. त्याचे अल्फा कण कातडीच्या वरच्या थरातच अडतात, गॅमा किरण थोडे. टांगलेल्या बत्तीपासून मिळणारी मात्रा अगदी कमी. जपायचं ते भुकटीला. ती श्वासातून किंवा बोटांवरून पोटात गेली, की अल्फा कण थेट आतल्या पेशींना लागतात. म्हणून फुटलेलं मेंटल झाडू नका, फुंकू नका. ओल्या फडक्यानं टिपा, हात धुवा. पहिली पेटवणी अंगणात करा, तो धूर घेऊ नका. बाजारात यिट्रियमची, किरणोत्सारी नसलेली मेंटलंही मिळतात. पाकीट वाचून घ्या.

लगेच फुटण्याचं कारण बहुधा बांधणीत सापडतं. नाडी घट्ट आवळा, चुण्या सगळीकडे सारख्या ठेवा, उरलेला दोरा कापा. नळी तापवायला वाटीत पेटवलेलं स्पिरिट जळत संपत आलं की मगच हलक्या हातानं पंप मारा. नळी थंड असेल तर रॉकेलची वाफ होत नाही. भडका उडतो, मेंटल काळं पडतं. त्या काजळीला बोट लावू नका, नळी नीट तापली की ती आपोआप जळून जाते. भोक पडलं तर मात्र बत्ती विझवून मेंटल बदलाच: भोकातून सुटणारा झोत थेट काचेवर बसतो आणि काच तडकते.