‘गिनिपिग’वाला मेसेज आत्यापर्यंत पोचला

रात्री साडेदहाला आत्याचा फोन. "अगं, पाठवलंय ते वाचलंस का? पोरीला नाव मागे घ्यायला सांगू का?" पोरगी म्हणजे माझी आतेबहीण, एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला. तिच्या कॉलेजने एका परदेशी मेडिकल स्कूलशी करार केलाय. तिकडचे विद्यार्थी काही आठवडे इकडे येणार, इकडचे तिकडे जाणार, शिवाय थोडं संशोधन मिळून. आत्याने धाडलेल्या मेसेजच्या डोक्यावर ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ असं होतंच. तोच मेसेज महिनाभरापूर्वी मी एका रुग्णाच्या फोनवर पाहिला होता. त्यामुळे पुढचं सगळं शांत डोक्याने लिहिलंय, असं कुणी समजू नये.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. ‘जागतिक आरोग्य समता’ हे नुसतं गोंडस नाव. परदेशी मेडिकल स्कूल असे करार करतात ते, एक, गरीब देशांतल्या रुग्णांवर कच्ची औषधं तपासायला, एचआयव्हीच्या गोळ्याही त्यातल्याच. दोन, रक्ताचे नमुने नेऊन विकायला. तीन, आपल्या पोरांचा हात बसवायला. चार, इथले डॉक्टर पळवायला. आणि पाच, अख्ख्या जगाला एकच उपचार लादायला. शेवटी ठळक अक्षरांत: ‘अशा हॉस्पिटलची औषधं आजच बंद करा.’

पाचव्याचा निकाल आधी लावते, कारण त्यात काही नाहीच. समता म्हणजे सगळ्यांना एकच गोळी नव्हे. ज्याला दवाखान्यापर्यंत पोचायलाच दिवस जातो, त्याच्यासाठी वेगळी सोय करणं म्हणजे समता. लिहिणाऱ्याने शब्दाचा अर्थ उलटा धरलाय आणि त्यावर मजले चढवलेत.

आता पहिला मुद्दा. मी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, समुपदेशक आहे. रुग्ण दर भेटीला गोळ्यांची बाटली घेऊन येतो आणि उरलेल्या गोळ्या आम्ही मोजतो. रोज एक गोळी, तीस दिवसांची बाटली. हिशेब सोपा असतो. गेल्या महिन्यात एका बाईंनी बाटली टेबलावर ठेवली तेव्हाच ती जड वाटली. ट्रेमध्ये ओतून मोजल्या, तर बावीस. त्यांनी काही न बोलता फोन पुढे केला. ‘आजच बंद करा’ ही ओळ त्यांनी खरी मानली होती. औषध असं तुटलं की विषाणू पुन्हा वाढतो, आणि रक्तात औषध अर्धवट उरलेलं असेल तर त्या औषधाला न जुमानणारा होण्याची संधीही त्याला मिळते. हे फॉरवर्ड करणाऱ्याच्या गावीही नसतं.

एचआयव्हीच्या ज्या गोळीला मेसेज ‘कच्ची’ म्हणतो, ती टीएलडी. तिच्यात तीन औषधं आहेत. त्यातलं सगळ्यात नवं डोल्युटेग्राविर. ते अमेरिकेत 2013 मध्ये मंजूर झालं आणि तिथले रुग्णही ते घेतात. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर आधारलेला उपचार पहिल्या पसंतीचा म्हणून सांगितला. मग प्रयोग नेमका कुणावर चाललाय?

आणि या करारांमधून प्रत्यक्षात काय निघालं, ते एकाच अभ्यासातून दिसतं. एचपीटीएन 052. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचे मायरन कोहेन त्याचे प्रमुख होते. नऊ देशांतली 1763 जोडपी होती, प्रत्येक जोडप्यात एकाला एचआयव्ही, दुसऱ्याला नाही. निम्म्याहून जास्त जोडपी आफ्रिकेतली होती, पण भारत, ब्राझील, थायलंड आणि खुद्द अमेरिकाही त्यात होती. प्रश्न होता, बाधित जोडीदाराला औषध लवकर सुरू केलं तर दुसरा वाचतो का? 2011 मध्ये निकाल छापून आला. बाधित जोडीदाराकडूनच संसर्ग झाल्याचं 28 जणांच्या बाबतीत सिद्ध झालं. त्यातले 27 उशिरा औषध सुरू झालेल्या गटातले होते आणि लवकरच्या गटातला फक्त एक. आकडे इतके स्पष्ट निघाले की देखरेख समितीने निकाल आधीच जाहीर करायला लावला आणि उशिराच्या गटालाही औषध देऊ केलं. नियमित औषध घेणाऱ्या रुग्णांच्या जोडीदारांना मी आज ‘घाबरू नका’ असं छातीठोकपणे सांगते, त्यामागे हा अभ्यास आहे. मलावीतल्या लिलाँग्वेमध्ये त्याच विद्यापीठाची वर्षानुवर्षांची भागीदारी होती, तिथलं केंद्रही या अभ्यासात होतं. अशी माणसं आणि अशा प्रयोगशाळा एका रात्रीत उभ्या राहत नाहीत.

केनियातल्या एल्डोरेटचं उदाहरण तर मेसेजच्या अगदी उलटं आहे. तिथलं मोई विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचं मेडिकल स्कूल 1990 च्या सुमारास एकत्र आले, ते मुख्यतः शिकवण्यासाठी. 2000 मध्ये इंडियानाचे डॉक्टर जो मॅमलिन यांना वॉर्डात एड्सने मरणपंथाला लागलेला एक रुग्ण दिसला. तो मोईचाच वैद्यकीय विद्यार्थी निघाला. औषधं अमेरिकेत होती, केनियाच्या वॉर्डात नव्हती. मॅमलिननी ती मिळवली, मुलगा उठून बसला आणि पुढे त्याच कामात उतरला. ॲम्पाथ या नावाने ओळखला जाणारा मोठा एचआयव्ही कार्यक्रम तिथून सुरू झाला. तिथे लोकांचा जीव औषधाच्या अभावी जात होता, प्रयोगामुळे नव्हे.

मेसेजमध्ये नायजेरियातल्या मुलांचा फोटो आहे. ती घटना खरी. 1996 साली कानोमध्ये मेंदूज्वराची साथ असताना फायझरने मुलांवर ट्रोवाफ्लॉक्सासिनची चाचणी केली. मुलं दगावली, खटले झाले, 2009 मध्ये तडजोड झाली. पण ती चाचणी औषध कंपनीची होती. मेडिकल स्कूलच्या भागीदारीशी तिचा काडीचा संबंध नाही.

इथे मात्र मला नाइलाजाने एक कबूल करावं लागतं. फोटो चुकीचा निवडला, तरी संशय अगदीच हवेतून आलेला नाही. एझेडटी या एचआयव्हीवरच्या जुन्या औषधाने आईकडून बाळाला होणारा संसर्ग सुमारे दोनतृतीयांशाने घटतो, हे 1994 मध्ये कळलं होतं. तरीही त्यानंतर गरीब देशांत काही चाचण्यांमध्ये गरोदर बायकांच्या एका गटाला नुसती साखरेची गोळी दिली गेली. त्यात नामांकित विद्यापीठांचे संशोधकही होते. 1997 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये यावर कडाडून टीका झाली. ‘स्वस्त, छोटा कोर्स चालतो का, हे शोधायचं होतं’ हा बचाव मी वाचलाय. मला तो पटत नाही.

दुसरा मुद्दा, नमुने. ‘विकतात’ हे पुराव्याशिवाय ठोकून दिलंय. पण नमुने परदेशी गेले आणि गोळा करणाऱ्याचं नाव शोधनिबंधात शेवटून तिसरं लागलं, हे होतं. त्यावरचा उपाय म्हणजे नमुने कुणाचे, राहणार कुठे आणि पहिलं नाव कुणाचं, हे करारातच लिहून घेणं.

तिसरा, हात बसवणं. हेही अर्धं खरं. घरच्या वॉर्डात ज्याला टाका घालू देत नाहीत, त्याला परक्या वॉर्डात ‘घाल की’ म्हणणारे असतात. म्हणूनच 2010 मध्ये अशा प्रशिक्षणासाठी ‘वेट’ या नावाची नीतिनियमावली आली: देखरेख हवी, पाहुण्यांचा भार यजमानांवर पडता कामा नये आणि फायदा दोन्हीकडे हवा. एल्डोरेटचे विद्यार्थीही इंडियानाला जातात, देवाणघेवाण ती हीच.

चौथा, डॉक्टर पळवणं. डॉक्टर परदेशी जातात ते करार नसतानाही. रवांडात ‘युनिव्हर्सिटी ऑफ ग्लोबल हेल्थ इक्विटी’ 2015 मध्ये सुरू झालं आणि पुढे बुटारो नावाच्या डोंगराळ भागात त्याचा कॅम्पस उभा राहिला. तिथे भावी डॉक्टर फीच्या बदल्यात ठराविक वर्षं देशातच सेवा करण्याचं लिहून देतात. पळवायचे असते तर खेड्यात कॉलेज कशाला बांधलं असतं?

त्या बाईंनी गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट यायचाय.

आत्याला हे सगळं फोनवर सांगून झालं. ती जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बरं, पण तिकडची मुलं इथे आली की वॉर्डात त्यांना काय काय करू देणार? कुठे लिहिलंय का ते?" बहिणीने दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या ऑफिसात कराराची प्रत मागितली. फाइल साहेबांच्या टेबलावर आहे, सोमवारी या, असं सांगितलं. सोमवार होऊन गेला. ती आज पुन्हा जाणार आहे.