'एन' चालत नाही, म्हणून अर्धा लॅपटॉप बदला

डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ नसेल तर सरळ पुढे जा.

आज दुरुस्तीला एक लॅपटॉप समोर आला. चार वर्षांचा, धडधाकट. स्क्रीनवर डाग नाही, बॅटरी बरी, एसएसडी (म्हणजे फायली साठवणारा ड्राइव्ह) ठणठणीत. तक्रार एवढीच, की 'एन'चं बटण मेलंय. मालकीणबाईंचं कामच टायपिंगचं. पंधरा दिवस त्या दर 'एन' कॉपी-पेस्ट करत होत्या. सर्व्हिस सेंटरचं उत्तर: कीबोर्ड सुटा मिळत नाही, वरची अख्खी केस बदलावी लागेल, त्यापेक्षा नवीनच घ्या.

एका अक्षरासाठी!

आत काय असतं ते सांगतो, म्हणजे राग का आलाय ते कळेल. खालचं झाकण, बॅटरी, पंखा, हीटसिंक, मदरबोर्ड, स्पीकर एवढं सगळं बाहेर काढलं की सगळ्यात तळाशी कीबोर्ड दिसतो. त्याला स्क्रू नाहीत. केसलाच प्लास्टिकचे बारीक खुंट आहेत, ते कीबोर्डच्या पत्र्याच्या भोकांतून वर येतात आणि कारखान्यात त्यांची टोकं वितळवून चपटी केलेली असतात. हेच ते रिव्हेट. मोजायला घेतले, साठाच्या पुढे गेल्यावर नाद सोडला. पंधरा वर्षांपूर्वीच्या कित्येक लॅपटॉपांत मागचे दोन-तीन स्क्रू काढून कडेच्या खिट्ट्या दाबल्या की कीबोर्ड हातात यायचा. दहा मिनिटांचं काम.

आता कोणीतरी लिहिणारच, "पातळ हवा तर हे होणारच." रिव्हेटमुळे टाइप करताना कीबोर्ड मध्ये दबत नाही, जाडीही थोडी वाचते, हे खरंय. ठीक. पण पन्नासेक बारीक स्क्रूंनी बसवलेले पातळ कीबोर्डही बाजारात आहेत. काढताना वैताग येतो, पण निघतात!

लॅपटॉप उघडून दुरुस्त करता यावा की नाही, या वादात लोक दोन गोष्टींची खिचडी करतात. अपग्रेड वेगळं, दुरुस्ती वेगळी. रॅम वाढवता येत नाही म्हणून आरडाओरडा होतो, कंपनीवाले वेगाचं कारण पुढे करतात, आणि त्या धुरळ्यात कीबोर्ड, बॅटरी, चार्जिंगचं पोर्ट हे सगळं गुपचूप निसटतं.

रॅमच्या बाबतीत कंपन्यांची बाजू काही अंशी खरी आहे, नाइलाजाने मान्य करतो. सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डावर कायमची डाग देऊन बसवलेली एलपीडीडीआर (कमी वीज खाणारी रॅम) प्रोसेसरला खेटून असते, वाटा आखूड, व्होल्टेज कमी. सॉकेटातल्या, काढता येणाऱ्या डीडीआर5 रॅमच्या स्टिकचा नेहमीचा वेग 5600 मेगाट्रान्सफर, तर एलपीडीडीआर5एक्स 7500 किंवा 8533 वर चालते आणि झोपलेल्या लॅपटॉपची बॅटरी कमी खाते. दुरुस्तीच्या नावावरच उभ्या राहिलेल्या फ्रेमवर्क या कंपनीनेही 2025 मध्ये जाहीर केलेल्या डेस्कटॉपमध्ये रॅम सोल्डरच केली, कारण त्या एएमडी चिपला लागणारा वेग काढत्या मॉड्यूलवर सिग्नल नीट राखून मिळेना. पण हे कारण सगळ्यांना लागू नाही. एलपीकॅम2 नावाचं मॉड्यूल आलंय, एलपीडीडीआरच, पण स्क्रूने बसणारं. 2024 च्या लेनोवो थिंकपॅड पी1 लॅपटॉपमध्ये ते होतं. म्हणजे मनात आणलं तर जमतं. आणि 8 जीबी सोल्डर करून स्लॉट न देणारा साधा लॅपटॉप कुठला वेग गाठतोय? तिथे वेगाचं नाव पुढे करणं हा शुद्ध चावटपणा आहे.

"चिपच बदलून घ्या की," असंही सुचवलं जातं. जमतं, पण नुसती गरम हवा मारून नाही. किती रॅम आहे हे बोर्ड काही बारीक रेझिस्टरांवरून ओळखतं. चिपा मोठ्या बसवल्या आणि ते रेझिस्टर तसेच ठेवले, तर एक तर मशीन सुरूच होत नाही किंवा जुनाच आकडा दाखवतं. घरी करायचं काम नव्हे ते.

पण कीबोर्ड कुठल्या वेगाने चालतो, सांगा ना? 'एन' दाबल्यावर 8533 मेगाट्रान्सफर लागतात का?

कीबोर्ड, बॅटरी, पंखा, चार्जिंगचं पोर्ट, बिजागरी. या झिजायच्याच वस्तू. लिथियमची बॅटरी साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जनंतर उतरणीला लागते, चांगल्या सेलची हजारापर्यंत जाते. झिजणारी वस्तू न निघेल अशी बसवणं म्हणजे चपलेचा अंगठा पायाला शिवण्यासारखं. 2012 च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरी गोंदाने चिकटवली आणि रॅम सोल्डर केली, तेव्हा वस्तू उघडून दुरुस्तीयोग्यतेचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटने 10 पैकी 1 गुण दिला होता. नंतर बाकीच्यांनी त्यातून काय उचललं, तर गोंद.

युरोपियन युनियनच्या बॅटरी नियमामुळे 18 फेब्रुवारी 2027 पासून पोर्टेबल बॅटरी वापरणाऱ्याला स्वतःला, साध्या हत्यारांनी, उष्णता किंवा सॉल्व्हंट न वापरता काढता यायला हवी. काही अपवाद ठेवलेत, पण गोंदवाल्यांची पंचाईत होणार, याचा मला मनापासून आनंद आहे. फ्रान्सने 2021 पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे 10 पैकी गुण छापायला लावले, तेही बरंच झालं. फक्त त्यात पाच निकष सारख्याच वजनाचे. कागदपत्रं छान दिली, सुट्या भागांची उपलब्धता छान दाखवली, की उघडण्यातल्या अडचणी गुणांमध्ये झाकल्या जातात. रिव्हेटवाला कीबोर्डही पास होऊ शकतो!

चार्जिंगच्या पोर्टाचं तर विचारूच नका. आधी गोल पिनेचं सॉकेट वायरीवर लटकलेलं असायचं, तुटलं तर वायरीसकट बदला. आता चोवीस पिनांचं यूएसबी-सी थेट मदरबोर्डावर. केबल लावलेला लॅपटॉप पडला, पोर्ट हललं, की "बोर्ड बदलावा लागेल." छोट्या वेगळ्या बोर्डावर पोर्ट देणारेही आहेत, म्हणजे अशक्य नाहीच. आणि एसएसडीही त्याच बोर्डावर सोल्डर असेल तर बोर्डासोबत फोटो, हिशेब, सगळं गेलं. एम.2 ची, म्हणजे स्लॉटात बसणाऱ्या सुट्या एसएसडीची पट्टी असती तर काढून दुसरीकडे लावली असती. पण ड्राइव्ह विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर 48 आकडी रिकव्हरी की आजच कुठेतरी लिहून ठेवा. बोर्ड बदलला की टीपीएमही (त्या कुलपाची किल्ली सांभाळणारी चिप) बदलतो, मग ती की नसेल तर पट्टी हातात असूनही उपयोग शून्य.

बरं, चिडून झालं. थोडं कामाचं.

बटणं बंद पडली तर आधी नीट बघा, किती आणि कुठली. एकाच वेळी चार-सहा बटणं गेली असतील, तर बहुधा रिबन (कीबोर्डला बोर्डाशी जोडणारी चपटी केबल) सैल झालीय किंवा तिची एखादी वाट तुटलीय. रिबनच्या सॉकेटची पट्टी नखाने अलगद उभी करा, मगच रिबन बाहेर. पट्टी न उघडता ओढलीत तर सॉकेटच तुटेल. एकच बटण गेलं असेल, तर आधी टोपी काढून खाली कचरा अडकलाय का बघा. नसेल तर दोष खालच्या प्लास्टिकच्या पापुद्र्यांत. त्यावर चांदीच्या शाईच्या रेषा असतात, ओल गेली की त्या काळ्या पडतात. या 'एन'चं तेच झालं होतं, आणि ते बाहेरून साफ करून परत येत नाही.

आत हात घालण्याआधी चार्ज 25 टक्क्यांच्या खाली आणा, मशीन पूर्ण बंद करा, झाकण उघडताच पहिलं बॅटरीचं कनेक्टर काढा. स्क्रू कागदावर आकृती काढून त्याच जागी ठेवा. लांबी वेगवेगळी असते, लांब स्क्रू आखूड भोकात आवळला की थेट बोर्ड फोडतो. झाकण लोखंडी पातीने उचकटू नका, जुनं प्लास्टिकचं कार्ड चालतं. टचपॅड दबेनासा झाला किंवा टेबलावर मशीन डुगडुगायला लागलं तर बॅटरी फुगलीय. चार्जिंग त्याच क्षणी बंद. ती दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. गोंद असेल तर 90 टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल कडेने थेंब-थेंब सोडा, दोन मिनिटं थांबा, मग दात साफ करायचा दोरा करवतीसारखा खालून फिरवा. फुगलेली असेल तर मात्र हे उद्योग घरी नकोत.

नवीन घेताना दुकानदाराला विचारू नका, कागद वाचा. रॅमपुढे 'एलपीडीडीआर' किंवा 'ऑनबोर्ड' दिसलं आणि एलपीकॅम2 चा उल्लेख नसला, तर सोल्डर समजा आणि पाच वर्षांनी लागेल तेवढी आजच घ्या. 'एसओ-डिम' (म्हणजे स्लॉटात बसणारी रॅम) असेल तर स्लॉट किती आहेत आणि मोकळे किती, ते पाहा. एसएसडी 2280 (80 मिमी लांब) आहे की आखूड 2230 (30 मिमी), हेही बघा. आणि त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल शोधा. त्यात कीबोर्ड बदलायचं पान आहे का? "कीबोर्ड: टॉप केससह" असं लिहिलंय का? मॅन्युअलच सापडलं नाही, तर तेही उत्तरच समजा.

वस्तू फेकायची म्हटलं की आपल्या जिवावर येतं, हे मी तुम्हाला काय सांगायचं. म्हणून त्या मालकीणबाईंना "नवीन घ्या" म्हणवेना. रिव्हेट तासून सुटा कीबोर्ड बसवता येतो. टोकं फ्लश कटरने छाटायची, खुंट शक्य तेवढे उंच ठेवायचे, नवा कीबोर्ड बसला की सोल्डरिंग आयर्नने परत वितळवायचे, उरलेल्यांना इपॉक्सी. तीन-चार तास जातात आणि मध्ये कुठेतरी कीबोर्ड थोडा दबतोच. त्या मॉडेलचा सुटा कीबोर्ड मिळेपर्यंत तेही नाही.

तोवर काय, तर कॅप्स लॉकला 'एन' केलंय. आधी मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधून केलं, मस्त चाललं. मग मशीन लॉक केलं आणि लक्षात आलं, की ते लॉगिनच्या पडद्यावर चालत नाही. शेवटी शार्पकीज नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीतच बटणांची अदलाबदल (स्कॅनकोड मॅप) घातली, एकदा रीस्टार्ट केलं, आता तिथेही चालतंय. पासवर्डमध्ये दोन 'एन' आहेत म्हणे.