अमेरिकी करखात्याच्या (आयआरएस) आकड्यांत पदवी दिसत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

अनामिक यांस,

न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्कोत येणाऱ्यांपेक्षा तिथून देशात इतरत्र जाणारे पदवीधर जास्त झाले, या माझ्या लेखावर तुम्ही लिहिता : ‘सर्वेक्षणावर इमले बांधण्यापेक्षा आयआरएसची खरी आकडेवारी बघायची तसदी घ्यायची होती.’ वर ‘घरबसली पंडिती’ हा शेरा. मतभेद असू द्यात, पण ज्याला ओळखत नाही त्याची अक्कल काढायचं कारण काय? या फायली हाताळणं हे माझं वर्षानुवर्षांचं काम आहे. तसदीचे धडे मला नकोत.

आयआरएस एका वर्षीच्या विवरणपत्रावरचा पत्ता पुढच्या वर्षीच्या पत्त्याशी ताडून पाहतं आणि कोणत्या काउंटीतून (जिल्ह्यासारखा विभाग) कुठे किती विवरणपत्रं गेली ते सांगतं. उत्पन्नही देतं. पण फॉर्म १०४० मध्ये, म्हणजे व्यक्तीच्या आयकर विवरणपत्रात, शिक्षणाचा रकानाच नाही! भरपूर कमावणारा प्लंबिंगचा कंत्राटदार आणि बेताच्या पगाराची शिक्षिका, यांतलं पदवीधर कोण ते त्यातून कळणार कसं? शिवाय कालपर्यंत आईवडिलांवर अवलंबून असलेली, स्वतःचं विवरणपत्र कधीच न भरलेली मुलगी पदवी घेऊन ओहायोहून मॅनहॅटनला आली, तर ताडायला आदल्या वर्षीचा कागदच नसतो. म्हणजे सर्वांत फिरता वर्गच गळतो.

माझा लेख ज्यावर उभा आहे तो अमेरिकी जनगणना विभागाचा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे वर्षाला सुमारे ३५ लाख पत्त्यांवर जातो आणि वर्षापूर्वी कुठे राहत होता ते विचारतो. त्याच्या व्यक्तिवार नोंदी उतरवून घ्या. शिक्षणाचा रकाना ‘एससीएचएल’ २१ किंवा अधिक, म्हणजे बॅचलर्स आणि वर. स्थलांतराचा रकाना ‘एमआयजी’ ३, म्हणजे देशातल्या देशात घर बदललेले. वय २२ पासून धरा, कारण तयार तक्ते २५ पासून सुरू होतात आणि ताजे पदवीधर निसटतात. खरी गडबड पुढे होते. सध्याच्या जागेचा कोड ‘प्युमा’चा, म्हणजे या नोंदींतल्या सर्वांत लहान भौगोलिक विभागाचा असतो. आधीच्या जागेचा कोड मात्र ‘मिगप्युमा’चा असतो, तो बऱ्याचदा अनेक प्युमा मिळून बनतो. लोक त्याला सरळ प्युमाचा कोड समजून जोडतात, मग हजारो माणसं भलत्याच मेट्रोत (महानगर क्षेत्रात) जाऊन पडतात किंवा गायबच होतात. मेट्रोची हद्द मिगप्युमाला कापत असेल, तर लोकसंख्येच्या प्रमाणात वाटणी करावी लागते. एक नोंद किती माणसांची धरायची तो तिचा भार; त्रुटीची मर्यादा फाइलमधल्या ८० पर्यायी, म्हणजे प्रतिकृती-भारांवरून काढा. लहान मेट्रोत ती निव्वळ (येणारे वजा जाणारे) आकड्याहून मोठी निघाली तर पाच वर्षांची फाइल घ्या. २०२० ची एक वर्षाची फाइल प्रायोगिक भारांची आहे, ती इतर वर्षांच्या रांगेत बसवू नका.

तुम्ही म्हणता, ‘माझ्या ओळखीतले सगळे न्यूयॉर्कलाच येतात.’ येतातच. लेखातला आकडा येणारे वजा जाणारे असा आहे, तोही देशांतर्गत. परदेशातून आलेले वेगळे मोजावे लागतात आणि देश सोडून गेलेले या सर्वेक्षणात येतच नाहीत.

सॅन होजे ही सॅन फ्रान्सिस्कोहून वेगळी मेट्रो आहे, हे लेखात एका ओळीत सांगायला हवं होतं. मान्य.

‘सगळं करांमुळे’ हा तुमचा मुद्दा : टेक्सासात राज्याचा आयकर नाही, पण घरपट्टी जबर आहे, आणि कोलोरॅडोत आयकर असूनही डेन्व्हरकडे पदवीधर गेलेच. यावर इतकंच.

आणि आपले एच-वन-बीवाले (नोकरीच्या व्हिसावरचे) हवं तेव्हा शहर बदलतात, हे तुमचं म्हणणं साफ चूक. कामाची जागा एडिसनहून मॅनहॅटनला गेली तर मेट्रो एकच, सुधारित अर्ज लागत नाही. डॅलसला गेली तर कंपनीला आधी नवा एलसीए (कामगार खात्याकडचा वेतन-अटींचा अर्ज) आणि व्हिसाचा सुधारित अर्ज करावा लागतो. २०१५ पासून याबाबत संदिग्धता उरलेली नाही. ग्रीन कार्डसाठी लागणारं कामगार खात्याचं प्रमाणपत्र, लेबर सर्टिफिकेशनही कामाच्या जागेशी बांधलेलं असतं, ते बहुधा पुन्हा करावं लागतं.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच उत्तर देईन.