तारेवरचे वीस टक्के

जुनी गाणी आणि शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक मजकूर फिरतोय. महिन्याभरात माझ्याकडे तो चार ठिकाणांहून आला. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: म्युझिक सिस्टीमवर जेवढे पैसे घातले त्याच्या २० टक्के केबलवर घाला, नाहीतर तुमच्या सिस्टीमचा खरा आवाज तुम्ही अजून ऐकलेलाच नाही. केबल ही सिस्टीमची रक्तवाहिनी आहे आणि साधी तार आवाज अडवते. पुढे कारणांची यादी आहे. ऑक्सिजनविरहित तांबं, चांदी, सोन्याच्या पिना, खास पॉवर कॉर्ड, टीव्हीला जोडायची भारी एचडीएमआय केबल, शंभर तास वाजवून केबल 'मोकळी' करणं. आणि शेवटी, 'विज्ञान काहीही म्हणो, मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.'

मी गप्प बसलो असतो. पण परवा ओळखीच्या एका सरांचा फोन आला. निवृत्त शिक्षक आहेत, संध्याकाळी दोन तास गाणं ऐकणं हा त्यांचा नेम. दोन वर्षं पैसे बाजूला टाकून त्यांनी ९० हजारांची सिस्टीम घेतली आणि हा मजकूर वाचून आता आणखी १८ हजार काढायला निघाले होते. "म्हणजे एवढे दिवस मी चुकीचंच ऐकत होतो का रे?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. मी बावीस वर्षं छोट्या मैफलींचा साउंड बघतो, ॲम्प्लिफायर दुरुस्त करतो, तारांना डाख देत आलोय. त्यामुळे या मजकुराला उत्तर द्यायचं तर ते मीच द्यायला हवं असं वाटलं.

आधी ती रक्तवाहिनी. तार आवाज 'अडवते' म्हणजे तिला रोध असतो, हे खरं आहे. प्रश्न किती, एवढाच. घरातल्या पॉइंटसाठी वापरतात ती २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घ्या. ॲम्प्लिफायरपासून स्पीकर ४ मीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ८ मीटर तार झाली. तिचा रोध साधारण ०.०६ ओहम. स्पीकर ८ ओहमचा. आवाजात पडणारा फरक एका डेसिबलच्या (आवाजाची पातळी मोजायचं एकक) दहाव्या भागाहूनही कमी. हा रोध मोजायला गेलात तरी पंचाईत होते. मल्टिमीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या की मीटर ०.२ दाखवतो, कारण त्याच्या स्वतःच्या वायरींचाच तेवढा रोध असतो. मग पिनांच्या मध्ये स्पीकरची पूर्ण तार घाला, आकडा जेमतेम हलतो.

आता ही तार जिथे संपते तिथे काय आहे तेही बघा. मी जळालेले कितीतरी वूफर, म्हणजे खर्जाचे स्पीकर, उघडलेत. आत कोनच्या, म्हणजे हलून आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, मागे व्हॉइस कॉइल असते. साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची, कित्येक मीटर लांब तांब्याची तार कागदाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या नळीवर गुंडाळलेली. तिचाच रोध ६ ओहमच्या आसपास असतो. वाजताना ती तापते, आणि तांबं ५० अंशांनी तापलं की रोध सुमारे २० टक्क्यांनी वाढतो, म्हणजे इथे १.२ ओहमची भर. तुमच्या बाहेरच्या तारेचा जेवढा सगळा रोध आहे, त्याच्या वीसपट बदल स्पीकरच्या पोटात एका जोरकस द्रुत तराण्यात होऊन जातो. बाहेरची ४ मीटर तार कितीही उंची आणा, आतली ती बारीक गुंडाळी चुकवून आवाज कोनपर्यंत पोचू शकत नाही.

ऑक्सिजनविरहित तांबं आणि चांदी यांवर मजकुरात मोठा परिच्छेद आहे. उत्तर मात्र लहान आहे. नेहमीच्या विद्युत-शुद्ध तांब्यापेक्षा ऑक्सिजनविरहित तांबं साधारण १ टक्का जास्त वाहक, चांदी ६ टक्के. म्हणजे तांब्याच्या तारेचं क्षेत्रफळ ६ टक्के जास्त घेतलं की ती चांदीच्या बरोबरीला आली. सोनं तर वाहकतेत तांब्याच्याही मागे आहे. पिनांवर सोन्याचा मुलामा देतात तो सोनं गंजत नाही म्हणून, आणि तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे, विशेषतः समुद्राजवळच्या घरांत. पण सोनेरी पिन हजारो रुपयांची असावी लागत नाही.

'स्किन इफेक्ट'चं नाव घेऊन लोकांना घाबरवलंय. वरच्या वारंवारतेला प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो, ही गोष्ट खरी. २० किलोहर्ट्झला तांब्यात प्रवाह मुख्यतः पृष्ठभागापासून ०.४६ मिलिमीटर आतपर्यंत वाहतो. २.५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा व्यास १.८ मिलिमीटर. तेव्हा त्या टोकाला आपला ०.०६ ओहमचा रोध फार तर ०.०८ होईल. आणि पन्नाशी ओलांडलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना १५ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकूच येत नाही.

पॉवर कॉर्डबद्दल मी फक्त एवढंच विचारतो. वीज केंद्रापासून शेकडो किलोमीटर ॲल्युमिनियमच्या तारांवरून, उपकेंद्रांतून, गल्लीतल्या डीपीतून, सोसायटीच्या मीटरमधून आणि भिंतीतल्या वायरिंगमधून आलेली वीज शेवटच्या दीड मीटरमध्ये कशी शुद्ध होईल? ॲम्प्लिफायर ती २३० व्होल्टची वीज तशीही वापरत नाही. ट्रान्सफॉर्मरने कमी करून, डायोडने एकदिश करून, कपॅसिटरमध्ये साठवून मग घेतो. तुमच्याकडे व्होल्टेज वरखाली होत असेल किंवा अर्थिंग नीट नसेल, तर इलेक्ट्रिशियन बोलवा. तो खर्च खरोखर गरजेचा आहे.

डिजिटल केबलचंही तसंच. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते नीट पोचले तर पोचले, नाही पोचले तर चित्रावर ठिपके चमकतात, आवाज तुटतो, पडदा काळा होतो. 'तंबोरा जास्त गोड लागला' अशा रीतीने आकडे चुकत नाहीत. लांब अंतर असेल किंवा नव्या टीव्हीला ४८ गिगाबिटचा वेग हवा असेल, तर प्रमाणित केबल जरूर घ्या. त्यापुढे किंमत वाढते, चित्र किंवा सूर नाही.

शंभर तासांत केबल मोकळी होते म्हणतात. तांब्यात वाजण्याने बदलेल असं काही नसतं. शंभर तासांत आपला कान त्या आवाजाला सरावतो, बदल होतो तो तिथे.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. 'मी स्वतः ऐकलंय.' असं म्हणणाऱ्याला खोटं ठरवायची माझी मुळीच इच्छा नाही. पुष्कळदा त्याने खरंच फरक ऐकलेला असतो. फक्त त्याचं श्रेय चुकीच्या जागी जातं.

रत्नागिरीकडच्या एका घरी मला बोलावलं होतं. डावा स्पीकर दबलेला येतो, नवी केबल घ्यायची आहे, कोणती घेऊ, असं विचारत होते. स्पीकरमागची चिमटी दाबून मी तार बाहेर काढली. टोकाचं उघडं तांबं खाऱ्या हवेने हिरवं-काळं पडलेलं, आणि सात-आठ धाग्यांपैकी निम्मे तुटून चिमटीत राहिलेले. दोन इंच तार कापली, नवं टोक सोललं, पीळ दिला, डाख लावला, चिमटी घासून पुसली. डावा स्पीकर लगेच खुलला. त्या दिवशी त्यांनी २० हजारांची केबल आणून जोडली असती तरी नेमकं हेच झालं असतं, कारण नवी तार जोडताना टोक नवं होतं आणि चिमटी साफ होते. मग ते आयुष्यभर त्या केबलचे गुण गात राहिले असते, आणि तेही अगदी मनापासून.

दुसरा प्रकार अधिक–उण्याचा. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली असेल तर दोन्ही कोन एकमेकांविरुद्ध हलतात, खर्ज नाहीसा होतो, गायक मधोमध उभा राहण्याऐवजी खोलीभर पसरतो. नवी केबल लावताना कुणीतरी नीट बघून जोडतं आणि 'बेस परत आला'. तिसरा प्रकार आवाजाच्या पातळीचा. अर्ध्या डेसिबलने मोठं वाजलं तर कानाला ते मोठं वाटत नाही, 'स्वच्छ' वाटतं. केबल बदलण्यासाठी सिस्टीम बंद केली, पुन्हा चालू केली, व्हॉल्यूमची खुंटी केसभर पुढे गेली, की झाला फरक.

म्हणूनच तुलना करायची ती पातळी मोजून, आणि कोणती तार लागली आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता. अमेरिकेतल्या 'स्टिरिओ रिव्ह्यू' मासिकाने १९८३ साली हे केलं होतं. एक नामांकित जाड केबल, एक दिव्याला वापरतात ती साधी १६ गेजची वायर आणि एक बारीक २४ गेजची. गाणं ऐकताना पहिल्या दोन्हींत लोकांना फरक सांगता आला नाही. २४ गेजची मात्र कमी पडली. मला यातला दुसरा निष्कर्षही तितकाच मोलाचा वाटतो. तार बारीक असली तर फरक पडतो, आणि तो जाडीने भरून निघतो.

तार कुठेच महत्त्वाची नाही, असं मी म्हणत नाही. माझं निम्मं काम तारांचंच आहे. मैफलीत माइकचा सिग्नल अगदी क्षीण असतो आणि मंचापासून मिक्सरपर्यंत तीस मीटर जातो. तिथे शील्ड, म्हणजे तारेभोवतीचं धातूचं आवरण, एका बाजूला सुटली की तंबोऱ्याच्या खाली गुणगुण सुरू होते, आणि मी कार्यक्रमाआधी प्रत्येक जॅक उघडून डाख बघतो तो त्यामुळे. रेकॉर्ड वाजवायच्या टर्नटेबलवर सुई धरणाऱ्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला केबलची कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) चुकली तर वरच्या पट्टीचा आवाज खरंच बदलतो. पण कमी कपॅसिटन्सची केबल महाग असावीच लागते असं नाही, ती आखूड ठेवली तरी पुष्कळ काम होतं. आणि बाजारात तांब्याच्या नावाखाली तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार विकतात, त्यापासून मात्र खरंच सावध राहा. तिचा रोध दीडपटीहून जास्त असतो आणि दोन-चारदा वाकवली की धागे तुटतात. दुकानातच एका धाग्यावर ब्लेड फिरवा. आतून पांढरं दिसलं तर घेऊ नका.

सरांकडे रविवारी गेलो. तार होती दीड चौरस मिलिमीटरची, चांगली, टोकं स्वच्छ, लाल-काळी बरोबर. तिला मी हात लावला नाही. पण दोन्ही स्पीकर कोपऱ्यात, कपाटाला टेकलेले, आणि खोली १० बाय १२ फुटांची. अशा खोलीत १२ फुटांच्या बाजूने ४७ हर्ट्झच्या आसपास आणि १० फुटांच्या बाजूने ५६ च्या आसपास आवाज घुमतो, आणि कोपऱ्यातला स्पीकर त्या घुमण्याला आणखी जोर देतो. डग्गा म्हणूनच त्यांना 'भांड्यासारखा' वाटत होता. स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढले, थोडे आत वळवले, समोरच्या उघड्या फरशीवर घरातली सतरंजी घातली, आणि सरांची खुर्ची मागच्या भिंतीपासून दोन हात पुढे घेतली. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली.

मग त्यांनी आपला आवडता मारुबिहाग लावला. विलंबित संपेपर्यंत काही बोलले नाहीत. मध्येच एकदा उठून खुर्ची आणखी वीतभर पुढे घेतली आणि पुन्हा बसले.