मंदी, ॲपलची दुकानं आणि आपली राजारामपुरी

"दिवाळी सोडली तर बाजार मेलाय साहेब." हे वाक्य मला बारा महिने ऐकायला मिळतं. दुकानदारांचे हिशेब लिहायचे, जीएसटीची रिटर्न भरायची, हे माझं काम. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतला मोबाईलवाला असो, महाद्वार रोडचा कापडवाला असो नाहीतर लक्ष्मीपुरीतला भांडीवाला, खरा आकडा माझ्याकडं येतो आणि रडगाणंही माझ्याच कानावर पडतं. (या दोन्हींत एरवी बरंच अंतर असतं, यंदा ते कमी झालंय.) दोष द्यायला सगळ्यांना एकच सापडलाय, तो म्हणजे ऑनलाइन.

आमच्या एका क्लायंटनं यावर उपाय म्हणून दुकानच पाडून नवं केलं. सप्टेंबर २०२५ ला पुण्यात कोरेगाव पार्कला ॲपलचं दुकान सुरू झालं. ते बघून हा गडी जो आला तो थेट इंटेरियरवाल्याकडं गेला. फॉल्स सिलिंग, पांढऱ्या भिंती, पुढं अख्खी काच, मधोमध लांबलचक लाकडी टेबलं. कर्ज काढून. दुकान दिसतंय नाद खुळा. पण टेबलावर काय, तर डमी. आत बॅटरी नसलेले, स्क्रीनच्या जागी चिकटवलेलं चित्र, असले प्लास्टिकचे मोबाईल. चालू फोन बघायचा म्हटला की काउंटरवरचा पोरगा विचारणार, "बजेट किती आहे सर?" गल्ला होता तिथंच आहे आणि बँकेचा हप्ता मात्र नवा.

ॲपलच्या दुकानांचा इतिहास जरा बघितला तर काच किती मागून आली ते कळतं. पहिली दोन दुकानं १९ मे २००१ ला उघडली, एक व्हर्जिनियात आणि एक कॅलिफोर्नियात, दोन्ही साध्या मॉलमधली. त्या वेळी जाणकारांनी टिंगल केली होती, दोन वर्षांत शटर पडेल म्हणून भाकितंही केली. त्यांचंही फार चुकत नव्हतं. गेटवे नावाची कॉम्प्युटर कंपनी स्वतःची दुकानं टाकून आधीच धापा टाकत होती. २००४ मध्ये तिनं उरलेली १८८ च्या १८८ दुकानं बंद केली. त्याच वर्षी ॲपलच्या दुकानांची वर्षाची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढं गेली. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अव्हेन्यूवरचा तो काचेचा ठोकळा, ज्याचे फोटो सगळे इंटेरियरवाले दाखवतात, तो २००६ चा. म्हणजे धंद्याचा जम बसल्यावरचा.

मग आली २००८ ची मंदी. अमेरिकेत दुकानांच्या साखळ्याच्या साखळ्या बुडाल्या. त्यातली आपल्या विषयाची म्हणजे सर्किट सिटी. टीव्ही, कॅमेरा, कॉम्प्युटर विकणारी मोठी साखळी, नोव्हेंबर २००८ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मार्च २००९ पर्यंत उरलेली ५६७ दुकानं बंद. चौतीस हजार माणसं घरी. ॲपलची दुकानं सप्टेंबर २००८ ला २४७ होती, दोन वर्षांनी ३१७ झाली. अगदी काहीच झळ लागली नाही असं नाही, २००९ मध्ये दर दुकानामागची सरासरी विक्री घसरलीच. पण आत येणारी माणसं कमी झाली नाहीत. आणि २०१० ला दुकानांची विक्री ९.८ अब्ज डॉलरवर गेली.

आता कोणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, की अहो आयफोन होता म्हणून. बरोबर आहे. माल नसेल तर नुसत्या दुकानाला कोण विचारतंय. मायक्रोसॉफ्टनंही २००९ पासून तसलीच दुकानं टाकली, तसलीच टेबलं, तसलेच टीशर्टवाले पोरंपोरी, आणि जून २०२० मध्ये ती बंद करून टाकली. पण सर्किट सिटीकडं कुठं वाईट माल होता? सगळ्या चांगल्या कंपन्यांचा माल होता.

तिथं मला दुसरीच गोष्ट दिसते. सर्किट सिटीची विक्री एकेकाळी कमिशनवर काम करणाऱ्या जाणत्या सेल्समनांच्या जिवावर होती. २००३ मध्ये पैसे वाचवायला म्हणून त्यांनी असल्या ३,९०० लोकांना काढलं आणि कमिशनच बंद केलं. मार्च २००७ मध्ये आणखी ३,४०० जणांना काढलं, कारण एवढंच की त्यांचा पगार जास्त होता. त्यांच्या जागी स्वस्तातली माणसं. ज्याला दोन टीव्हींतला फरक सांगता येत होता तोच माणूस बाहेर. मग गिऱ्हाईक आत येऊन करणार काय? खोक्यावरचं वाचायला तो दुकानात कशाला येईल, ते घरी बसून वाचता येतं.

ॲपलनंही कमिशन ठेवलं नव्हतं, पण ते उलट्या कारणानं. रॉन जॉन्सन नावाच्या माणसाकडं दुकानांचं काम होतं, टार्गेट नावाच्या अमेरिकेतल्या दुकानांच्या साखळीतून आणलेला. काउंटरवरच्या माणसाला विक्रीवर कमिशन नाही, म्हणून त्याला तुम्हाला काही गळ्यात मारायची घाई नाही. दुकानात दुरुस्तीचं, शंका विचारायचं वेगळं काउंटर, 'जीनियस बार'. मोठ्या हॉटेलात पाहुण्याची अडचण सोडवायला माणूस बसलेला असतो, त्यावरून सुचलेलं. टेबलावरचा प्रत्येक फोन चालू, नेटला जोडलेला. तासभर खेळा, काही न घेता निघून जा. मंदीत माणसाच्या खिशात पैसे नसतात, पण वेळ असतो आणि हातातला जुना फोन बिघडलेला असतो. असा माणूस ज्या दुकानात जाऊ शकतो ते दुकान तो पैसे आल्यावर विसरत नाही.

आता आपल्याकडचं बघा. राजारामपुरीत कुठल्याही मोबाईलच्या दुकानात तुमच्याशी बोलणारा पोरगा बऱ्याचदा दुकानाचा नसतोच. तो प्रमोटर असतो. पगार कंपनीचा, टीशर्ट कंपनीचा, महिन्याचं टार्गेट कंपनीचं आणि दर फोनमागं इन्सेंटिव्ह. तुम्ही विचारलं, "भावा, कॅमेरा कुठला चांगला?" तर उत्तर त्याच्या टीशर्टवर आधीच छापलेलं असतं. त्या पोराचा यात दोष नाही, महिनाअखेरीला टार्गेट नाही झालं तर त्याची नोकरी जाते. मालकालाही वाटतं, फुकटचा माणूस मिळाला. मग गिऱ्हाईकाला जेव्हा कळतं की इथंही जाहिरातच ऐकायची आहे, तेव्हा तो म्हणतो, मग घरीच बसून ऐकतो की, वर दोन हजार कमी.

जॉन्सनचंच पुढचं प्रकरण मात्र नक्कल करणाऱ्या प्रत्येकानं वाचावं. २०११ च्या शेवटी तो जेसीपेनी नावाच्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरचा प्रमुख झाला. कूपन बंद, सेल बंद, एकच स्वच्छ भाव, दुकानात दुकानं, ॲपलसारखा थाट. २०१२ च्या एका वर्षात विक्री पाव हिश्शानं घसरली आणि एप्रिल २०१३ मध्ये त्याला घरी पाठवलं. तिथली गिऱ्हाईकं सेलची वाट बघणारी होती, त्यांचा आनंदच काढून घेतला. महाद्वार रोडला "एकच भाव" अशी पाटी लावून बघा. आमच्या मावशी दोनशेची वस्तू एकशे ऐंशीला आणतील तेव्हाच त्यांना जेवण गोड लागतं. त्या पाटीवाल्या दुकानाची त्या पायरी चढणार नाहीत.

आणि आपल्या दुकानदाराची खरी अडचण मी त्याचे हिशेब लिहितो म्हणून मला माहीत आहे. ॲपलच्या दुकानात तुम्ही फोन हाताळला आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवला तरी पैसा ॲपलकडंच जातो. त्यांना काय फरक पडतो? राजारामपुरीत तुम्ही तासभर बघून बाहेर पडलात तर मालकाला एक रुपया मिळत नाही. फोनवरचं मार्जिन इतकं बारीक, की कव्हर आणि टेम्पर्ड ग्लास विकली नाही तर दिवसाचं भाडं सुटत नाही. त्यामुळं "ॲपलसारखं करा" हा सल्ला मी कुणाला देत नाही.

पण एक गोष्ट मी माझ्या डोळ्यानं बघितलीय. दुसऱ्या एका क्लायंटच्या दुकानात, जुनंच दुकान, ट्यूबलाइटवालं, मी बिलांची फाईल घ्यायला थांबलो होतो. धोतर-टोपीतले एक आजोबा नवा फोन घेऊन बसलेले. शेजारी दुकानाचा स्वतःचा पोरगा. जुन्या फोनमधले नंबर नव्यात घातले, व्हॉट्सॲपचा बॅकअप उतरवला, अक्षरं मोठी केली, मुलीचा फोटो पहिल्याच पडद्यावर लावला. मग आजोबांकडूनच मुलीला व्हिडिओ कॉल लावून घेतला, एकदा नाही, तीनदा. पहिल्या दोन वेळा आजोबांचा अंगठा लाल बटणावर जात होता. पोरगा एकदाही "आणा इकडं" म्हणाला नाही. पाऊण तास गेला. तेवढ्यात दोन गिऱ्हाईकं थांबून निघून गेली, मालक गप्प.

नंतर मी मालकाला म्हटलं, "शेठ, पाऊण तासाचा हिशेब कुठं लिहू?" तर म्हणाला, "आजोबांच्या घरातले सगळे फोन इथनंच जातात, साहेब. मुलगी पुण्यात असती, जावई पण दसऱ्याला इथंच येतोय." आयफोन, बरं का. पुण्याचा माणूस, घराजवळ ॲपलचं दुकान, आणि फोन घ्यायला कोल्हापूरला येतो.

हा मालक प्रमोटर ठेवतच नाही. कंपनीवाले मागं लागतात, डिस्प्लेचे पैसे देतो म्हणतात, तरी नाही. स्वतःची दोन पोरं, पगार बाजारापेक्षा थोडा जास्त. मी हिशेब घातला तर त्या दोघांचा महिन्याचा पगार आणि आमच्या पहिल्या क्लायंटच्या इंटेरियरचा महिन्याचा हप्ता जवळपास सारखाच निघाला. त्या पहिल्यालाही मी हे सांगितलं. तो म्हणाला, "पोरं शिकतात आणि सोडून जातात, साहेब. सिलिंग कुठं जात नाही." यावर काय बोलणार? पोरं जातात हे खरंच आहे, त्या दुसऱ्या क्लायंटच्या दुकानातनं एक पोरगा मागच्याच महिन्यात गेला. शाहूपुरीत स्वतःचं रिपेअरिंग टाकलंय त्यानं, आणि त्याची जीएसटीची नोंदणी मीच करतोय.